डिफमध्ये पाणी शिरलंय का? एलएसडी असलेल्या फोर बाय फोरची तपासणी, खालच्या नटापासून

कात्रजचा बोगदा ओलांडायचा, हायवेने नसरापूर गाठायचं, चेलाडी फाट्याला वळायचं आणि वेल्ह्याच्या बाजूला जायचं. पावसाळ्यात पुण्यातल्या फोर बाय फोरवाल्यांची ही ठरलेली वाट. मीही गेलो होतो. ओढ्यावरच्या एका बुटक्या फरशी पुलावर चाकाच्या हबपर्यंत पाणी होतं, पण ते वाहत नव्हतं, साचलेलं होतं. गाडी आरामात पार झाली. घरी आल्यावर मागच्या डिफरन्शियलचा (डिफ, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटून त्यांना वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा; माझा लिमिटेड स्लिप, म्हणजे एलएसडी प्रकारचा) वरचा, ऑइल भरायचा फिलर नट उघडला, बोट घातलं, ऑइल मधासारखं दिसलं, आणि मी निश्चिंत झालो. पंधरा दिवसांनी सोसायटीच्या गेटमधून वळताना मागून कुरकुर यायला लागली.

गाडी भोसरीला नेली तेव्हा मिस्त्रींनी एकच विचारलं, "साहेब, ऑइल वरून बघितलं होतं का खालून?" मी म्हणालो, वरून. ते म्हणाले, "पाणी खाली बसतं. वरच्या नटातून तुम्हाला फक्त वरचं ऑइल दिसलं." खालचा, ऑइल काढायचा ड्रेन नट सैल केल्यावर आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग दुधाळ ऑइल. क्लच प्लेटांवर गंज चढला होता. पहिल्या दोन दिवसांत खालून पाहिलं असतं तर नुसतं ऑइल बदलून भागलं असतं. तेव्हापासून प्रत्येक पाण्याच्या रस्त्यानंतर मी ज्या क्रमाने तपासतो, तो इथे सविस्तर लिहितो आहे.

पाणी आत जातं कसं

हे आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी यावर उभी आहे. कात्रज ते नसरापूर ऐंशीच्या वेगाने आलं की डिफचं हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, चांगलं तापतं. आतली हवा ८० अंश सेल्सिअसला आहे असं धरा. ते हाऊसिंग अचानक २५ अंशाच्या पाण्यात बुडालं की हवा आकसते. हिशेब केला तर पूर्ण थंड होईपर्यंत आतला दाब सुमारे सहाव्या हिश्श्याने उतरू शकतो. दीड मीटर उंच पाण्याचा स्तंभ जेवढा दाब देतो, जवळपास तेवढा हा फरक. तो भरून काढायला ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं छोटं तोंड, असतो, हाऊसिंगच्या वरच्या अंगाला. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर त्यातून हवा आत जाते आणि काही बिघडत नाही. तो चिखलाने बुजला असेल किंवा स्वतःच पाण्यात असेल, तर हाऊसिंग मिळेल तिथून ओढून घेतं. ऑइल सीलची ओठासारखी कड आतलं ऑइल अडवायला बनवलेली असते, बाहेरून येणाऱ्या दाबापुढे ती कच्ची पडते.

म्हणून एरवी थंड असलेली गाडी ओढ्यात घातली तर धोका कमी, आणि हायवेवरून तापलेली थेट घातली तर जास्त. पाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबून चहा घ्या, डिफला निवू द्या. वॉशिंग सेंटरवरही हेच लागू आहे. लांबून आलेली गाडी लगेच रॅम्पवर चढवून ब्रीदरवर आणि सीलवर जोराचा फवारा मारला, तर ओढा न पाहताही डिफमध्ये पाणी जातं. तळघरातल्या पार्किंगमध्ये बुडालेल्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी घुसलं. अशा वेळी गाडी थंड असते, पण तासन्‌तास बुडालेली असते. तिच्या बाबतीत तपासणीत वेळ घालवूच नका. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफ, सगळ्यात पाणी गेलंय असं धरून चाला आणि गाडी स्टार्ट न करता टो करून न्या.

एलएसडीला पाणी जास्त का झोंबतं

साध्या डिफमध्ये क्राऊन (मोठं दातेरी चाक), पिनियन (त्याला फिरवणारं छोटं), स्पायडर गिअर आणि बेअरिंग असतात. एलएसडीत त्यांच्या जोडीला एकमेकांना खेटून बसलेल्या क्लच प्लेटा असतात. एक चाक चिखलात फिरायला लागलं की या प्लेटांच्या घर्षणामुळे दुसऱ्या चाकालाही ताकद मिळते. प्लेटांमध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि त्या ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घातलेला असतो, म्हणजे वळणावर प्लेटा एकमेकींवरून अलगद सरकतात. पाणी गेलं की हे मिश्रण बिघडतं. प्लेटा धरतात, सुटतात, पुन्हा धरतात, आणि तीच ती हळू वळणावरची कुरकुर. शिवाय प्लेटांच्या फटीतलं पाणी सहज निथळत नाही. खालून सगळं ऑइल काढलं तरी ते तिथेच अडकून राहतं, आणि गाडी उभी राहिली की गंज चढवतं.

एलएसडीच आहे ना, याची खात्री

बऱ्याच जपानी गाड्यांच्या मागच्या हाऊसिंगवर किंवा फिलर नटाजवळ फक्त एलएसडी ऑइल वापरावं अशी पट्टी असते. नसेल तर मालकाची पुस्तिका बघा, सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन विचारा. महिंद्रा थारच्या काही मॉडेलना मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. त्याचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं, त्यामुळे पुढे दिलेली चाक फिरवण्याची परीक्षा त्याला लागू पडत नाही. पाण्याची तपासणी मात्र तंतोतंत तीच.

रात्रभर उभी ठेवा, मग नट सैल करा

निदान आणि ऑइल बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. बदलताना ऑइल गरम हवं, भराभर वाहून जातं. निदान करताना थंड आणि स्थिर हवं. सपाट जागेवर गाडी रात्रभर उभी करा, सकाळी जागेवरून हलवू नका. गिअर ऑइल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्याची घनता ०.९च्या आसपास, त्यामुळे मोकळं पाणी रात्रीत तळाला बसतं.

सकाळी आधी वरचा फिलर नट उघडा. हा नियम कधी मोडू नका. खालून ऑइल काढून झाल्यावर वरचा नट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकली. नट खोलताक्षणी ऑइल आपोआप बाहेर यायला लागलं तर लक्षात घ्या: पातळी भोकाच्या कडेपर्यंत असायला हवी, तिच्यावर गेली म्हणजे एकतर मागच्या वेळी जास्त भरलंय किंवा आत पाणी आलंय. मागच्या सर्व्हिसला पातळी बरोबर होती हे ठाऊक असेल तर हा पुरावा भक्कम आहे.

आता खालचा ड्रेन नट. त्याच्याखाली स्वच्छ काचेची बरणी धरा. नट आत दाबून ठेवत सावकाश सैल करा आणि शेवटचा आटा सुटायच्या आत थांबा. थेंब यायला लागतील. पहिले पन्नास मिली बरणीत घ्या आणि नट पुन्हा कसा. सगळं काढायची गरज नाही. या पन्नास मिलीतच उत्तर असतं. आधी पारदर्शक किंवा गढूळ पाणी आलं तर पुढे वाचत बसू नका, पाणी आहे. दुधाळ आलं तर पुढच्या परीक्षा करा. तांबूस-तपकिरी असेल तर गंज सुरू झालाय. काळपट ऑइल मात्र एलएसडीत बऱ्याचदा दिसतं, प्लेटांच्या घर्षणाची भुकटी असते ती, एकट्या काळ्या रंगाने घाबरू नका. चांदीसारखी झाक उन्हात चमकली तर ती धातूची आहे, तिचा पाण्याशी संबंध असेलच असं नाही.

काही गाड्यांना ड्रेन नटच नसतो, मागचं झाकण काढावं लागतं. त्यांच्यासाठी मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणि माशांच्या टाकीची पारदर्शक नळी घ्या. नळी फिलरमधून घालून तळाला टेकेपर्यंत सरकवा, मग ओढा. नळी मध्येच राहिली तर तुम्ही माझ्यासारखंच वरचं ऑइल बघून फसाल.

ड्रेन नटाला लोहचुंबक असेल तर ऑइल काढाल तेव्हा तो पुसण्याआधी फोटो काढा. पातळ करडा लेप नेहमीचा. नारिंगी-तपकिरी लेप म्हणजे गंज. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर गाडी पुढे चालवूच नका, डिफ उघडायला लागेल. नटाचं पॅकिंग नवीन टाका, जुनं परत लावू नका.

दुधाळ दिसतंय, पण हवा की पाणी?

इथे पुष्कळ लोक चुकतात, आणि चांगले मिस्त्रीही कधी कधी चुकतात. गाडी नुकतीच चालवून आणली, ऑइल जास्त भरलं असलं, तर क्राऊन ऑइलला घुसळतो आणि बारीक हवेचे बुडबुडे मिसळून ते दुधाळ दिसतं. पाणी मात्र थेंबभरही नसतं. फरक ओळखायला वेळेपेक्षा चांगलं साधन नाही. बरणीवर तारीख आणि किलोमीटर लिहून ती खिडकीत ठेवा. हवा असेल तर बुडबुडे वर चढत जातात आणि थोड्या तासांत ऑइल तळाकडून स्वच्छ होऊ लागतं. पाणी असेल तर चोवीस तासांनंतरही दुधाळपणा टिकतो, किंवा तळाला वेगळा थर दिसतो. घाई असेल तर बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, हवा लवकर निघते. थेट आगीवर मात्र ठेवू नका. नव्या ऑइलची एक बरणी शेजारी ठेवली की तुलना अचूक होते, नाहीतर आपला डोळा आपल्याला हवं तेच पाहतो.

तव्यावरची परीक्षा

बरणीत नीट कळत नाही, ऑइल किंचित धुरकट आहे, तेव्हा ही परीक्षा. स्वयंपाकातून बाद झालेला जाड लोखंडी तवा घ्या, पोळीचा वापरातला नको. इंडक्शनवर किंवा शेगडीवर तापवून विस्तव बंद करा, तवा गॅलरीत उघड्यावर आणा, डोळ्यांना चष्मा लावा, मगच ऑइल हातात घ्या. तवा १५० अंशांच्या आसपास हवा. लेझर थर्मामीटर असेल तर काळ्या तव्यावर बऱ्यापैकी खरं सांगतो, चकचकीत स्टीलवर चुकीचं. नसेल तर साध्या पाण्याचा थेंब टाकून बघा: चर्र करून लगेच उडाला तर ठीक, मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर नाचत पळाला तर तवा फार तापलाय, थोडा निवू द्या. तो पाण्याचा थेंब पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आधी नव्या ऑइलचा एक थेंब टाका. तो पसरेल, थोडा वास येईल, बाकी शांत. मग तुमच्या बरणीतल्या ऑइलचा, बरणी आधी नीट हलवून. बारीक बुडबुडे येऊन लगेच विरले तर पाणी ०.१ टक्क्याच्या आत आहे. मोठे बुडबुडे आले आणि मोहरी तडतडल्यासारखा आवाज झाला तर ०.२ टक्क्याच्या पुढे. तडतडलं म्हणजे ऑइल बदलायचं, यात माझ्या मनात अजिबात शंका नाही. न तडतडणं मात्र पाणी अजिबात नसल्याची हमी नाही, फारच थोडं पाणी या परीक्षेत सुटतं. गाडी महाग असेल किंवा विकत घ्यायच्या आधी तपासत असाल तर ऑइल तपासणाऱ्या लॅबला शंभर मिली द्या आणि कार्ल फिशर पद्धतीने पाणी, सोबत लोह आणि सिलिकॉन मोजायला सांगा. सिलिकॉन वाढलं असेल तर पाण्यासोबत चिखलही आत गेलाय.

प्लेटांना इजा झालीय का

ऑइल काय सांगतं ते कळलं, आता प्लेटा. आधी एक इशारा, तो ठळक लक्षात ठेवा. एलएसडीच्या गाडीचं एक चाक उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नका. जमिनीवरच्या चाकालाही ताकद मिळते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ओंडके लावा. एक्सल जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केस टू एच मध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद), हँडब्रेक सोडलेला. आता एक मागचं चाक हाताने फिरवा. प्लेटांचा एलएसडी धड असेल तर दुसरं चाक त्याच दिशेने फिरतं. उलट दिशेने फिरलं तर प्लेटांची पकड गेली आहे किंवा मुळात तो साधा डिफ आहे. फिरवताना हाताला खरखर लागली, मध्येच अडकलं, तर गंज धरा. दातऱ्यांवर चालणारे एलएसडी, ज्यात प्लेटा नसतात, ते या परीक्षेत साध्या डिफसारखेच वागतात, त्यांना दोष देऊ नका.

पुढे रस्त्यावरची परीक्षा. रिकाम्या मैदानात, टू एच मध्ये, पायी चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा काढा. टू एच का म्हणतो? डांबरावर फोर एच मध्ये (चारही चाकांना ताकद) वळलं की ट्रान्समिशन ताणली जाते आणि तीही अशीच धडधडते. मग लोक उगाच एलएसडी उघडतात. कुरकुर दोन्ही बाजूंच्या वळणाला येते का, सरळ जाताना थांबते का, हे नोंदवा. सरळ रस्त्यावरही वेगासोबत वाढणारी घुमघुम असेल तर ती बेअरिंगची, आणि पाण्याने बेअरिंगही जातात. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की एकच खट्ट आवाज येत असेल तर आधी जॉईंट क्रॉस, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा सांधा, बघा.

वाट शोधल्याशिवाय नवं ऑइल ओतू नका

नवं ऑइल भरलं, दोन रविवारांनी पुन्हा फरशी, पुन्हा दुधाळ. हे टाळायचं तर पाणी कुठून आलं ते पक्कं करा. पहिला ब्रीदर. नळी काढून तोंडाने फुंका, हवा सहज जायला हवी. टोपी चिखलाने चिकटलेली असते, आणि आपल्याकडे आणखी एक कारण हमखास सापडतं: कुंभारमाशी. गाडी महिनाभर उभी राहिली की ती अशा भोकात मातीचं घरटं करते. बाहेरून नळी ठाकठीक दिसते, आत पक्की बंद.

मग सील. पिनियनच्या फ्लँजभोवती (जिथे प्रोपेलर शाफ्ट डिफला जोडतो) ऑइलची फेकलेली गोल नक्षी असेल तर पिनियन सील गेलं. मागचे ड्रम काढून बघा, आत ऑइल उतरलं असेल किंवा हबचं ग्रीस पांढरट झालं असेल तर एक्सल सील. तरीही सापडलं नाही तर ब्रीदरच्या जागी नळी जोडून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब द्या आणि सीलांवर साबणाचं पाणी लावा. दाब दोन-तीन पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, मधे दाबमापक लावाच. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हे करू नका, धड असलेलं सीलही बाहेर फेकलं जाईल. फेस जिथे फुगतो तिथे तुमचं भोक.

सगळं ठीक असूनही पाणी आलं असेल तर ब्रीदरच खाली आहे. नाना पेठेत ऑइल चालणारी रबरी नळी मीटरवर मिळते. ती जोडून चॅसीच्या कडेने वर, टेललॅम्पच्या मागे किंवा डिझेल भरायच्या नळ्याजवळ उंच न्या. एक्सल वरखाली होतो, म्हणून नळीला झोल ठेवा, आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. वरच्या टोकाला छोटा फिल्टर लावला की माशीही जात नाही.

ऑइल बदलताना

गरम असताना पूर्ण काढा. डिझेलने किंवा रॉकेलने धुवायचा आग्रह तुम्हाला अनेक ठिकाणी होईल, एलएसडीत तो मान्य करू नका. डिझेल प्लेटांच्या फटीत राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. त्यापेक्षा पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं, जीएल-५ प्रतीचं, स्वस्तातलं ऑइल भरून वीस-तीस किलोमीटर चालवा, तापू द्या, काढा. बरणी खिडकीत ठेवा. अजून दुधाळ असेल तर पुन्हा. बरणी स्वच्छ राहिली की मगच चांगलं एलएसडी ऑइल घाला. डब्यावर एलएसडीसाठी योग्य असं छापलेलं असेल तर त्यात मॉडिफायर आधीच आहे, वरून आणखी घातला तर प्लेटा निसटत राहतील. वेगळा घालायचा असेल तर कंपनीने दिलेलं मापच घ्या. भरल्यावर मैदानात पुन्हा तोच इंग्रजी आठचा आकडा आठ-दहा वेळा काढा, म्हणजे ऑइल प्लेटांच्या मधे पोचतं. एवढं करूनही कुरकुर राहिली तर प्लेटा उघडून मोजाव्या लागतील, ते काम एलएसडी आधी उघडलेल्या हातांकडेच द्या.

काढलेलं ऑइल गटारात सोडू नका, पुण्यातलं गटार शेवटी मुळा-मुठेत जातं. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या जिथून अधिकृत संकलक ते उचलतो.

दोनशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा रात्रभर उभी ठेवा, सकाळी खालून पन्नास मिली काढा आणि आधीच्या बरण्यांच्या शेजारी ठेवा. माझ्या खिडकीत तेव्हा तीन बरण्या झाल्या होत्या. पहिली चहासारखी, दुसरी किंचित धुरकट, आणि तिसरीतून पलीकडच्या खिडकीचे गज दिसत होते.